कुठलं पाणी आणि कोणत्या महिन्यातलं? कोकणातल्या डेटा सेंटरचा हिशेब

ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीपासून तुर्भ्यापर्यंत गेलात, तर जुन्या रासायनिक कारखान्यांच्या जागी खिडक्या नसलेल्या उंच इमारती उभ्या राहिलेल्या दिसतील. बाहेर पाटीही बहुधा छोटीच असते. ही डेटा सेंटर. तुमचा बँकेचा व्यवहार, रेल्वेचं तिकीट, फोनमधले फोटो, एआयला विचारलेला प्रश्न, सगळं अशाच कुठल्या तरी इमारतीतल्या यंत्रांवर चालतं. देशातली सगळ्यात जास्त डेटा सेंटर क्षमता मुंबई आणि नवी मुंबईच्या पट्ट्यात आहे. समुद्राखालून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार इथेच आहेत, वीज भरवशाची आहे. पनवेल तर रायगड जिल्ह्यातलंच. त्यामुळे हा विषय आता महानगरापुरता राहिलेला नाही, तो कोकणाचा झाला आहे.

आणि कोकणात पाण्याचं गणित वेगळं आहे. वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. जांभा पाणी धरून ठेवत नाही. सह्याद्रीवरून उतरलेल्या नद्या थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात. मार्च सरता सरता वहाळ आटतात, विहिरी तळाला जातात आणि एप्रिल-मेमध्ये रायगड-रत्नागिरीतल्या वाड्यांवर टँकर सुरू होतात. पेण तालुक्यात हेटवणे धरण आहे. त्याचं पाणी सिडकोच्या वसाहतींपर्यंत जातं. त्याच तालुक्यातल्या खारेपाटातल्या गावांना मात्र वर्षानुवर्षं उन्हाळ्यात पाण्यासाठी झगडावं लागलं आहे. ज्यांनी हे जवळून पाहिलंय त्यांना ‘डेटा सेंटर रोज लाखो लिटर पाणी पितं’ हे वाचल्यावर राग येणं स्वाभाविक आहे.

राग योग्य ठिकाणी लागावा, म्हणून आधी हे पाणी लागतं कशाला ते समजून घेऊ.

वीज आत जाते, उष्णता बाहेर येते

सर्व्हरला, म्हणजे आतल्या या यंत्रांना, दिलेली वीज शेवटी जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होते. ती सतत बाहेर काढली नाही, तर चिप काही मिनिटांत तापून बंद पडते. उष्णता बाहेर काढायचे मोठे मार्ग दोन. एक, पंखे लावून ती सरळ बाहेरच्या हवेत सोडायची. दुसरा, पाण्याची वाफ करून ती वाफेबरोबर उडवायची.

दुसरा मार्ग माठाचा आहे. माठाच्या अंगातून पाझरलेलं पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं आणि आतलं पाणी गार होतं. डेटा सेंटरच्या गच्चीवरचा किंवा आवारातला कुलिंग टॉवर हेच काम फार मोठ्या प्रमाणावर करतो. आतून तापून आलेलं पाणी वरून शिंपडलं जातं, ते ‘फिल’ म्हणजे प्लास्टिकच्या नागमोडी पत्र्यांवरून पातळ होऊन खाली उतरतं आणि वरचा मोठा पंखा त्यातून हवा खेचतो. थोडं पाणी वाफ होऊन जातं, उरलेलं गार होऊन तळाच्या टाकीत पडतं आणि पुन्हा आत जातं.

किती पाणी उडतं, हे भौतिकशास्त्रच सांगतं. साधारण ३० अंशांना एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे एक युनिट उष्णता पूर्णपणे वाफेवाटे काढायची तर दीड लिटर पाणी उडवावं लागतं. कंपनी कुठलीही असो, हा आकडा बदलत नाही.

पण खर्च दीड लिटरवर थांबत नाही. पाणी वाफ होतं तेव्हा त्यातले क्षार मागे राहतात. तळाच्या टाकीतलं पाणी दिवसेंदिवस खारट आणि जड होत जातं. टॉवर बंद असताना आत डोकावलं, तर फिलच्या कडांवर पांढरा, हाताने खरवडता येईल असा थर दिसतो. तो थर उष्णता अडवतो, पाइप बुजवतो. म्हणून प्लांटमधली माणसं पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण (टीडीएस) ठरावीक झालं की तळाचं थोडं पाणी काढून टाकतात. त्याला ब्लोडाऊन म्हणतात. वाफ झालेलं आणि काढून टाकलेलं, दोन्हींची भरपाई म्हणून जे ताजं पाणी घ्यावं लागतं ते मेकअप वॉटर. टाकीतलं पाणी मूळ पाण्याच्या चौपट क्षारांचं होईपर्यंत वापरलं, तर ब्लोडाऊन वाफेच्या एक तृतीयांश होतं. दीड लिटर वाफ, अर्धा लिटर ब्लोडाऊन. एका युनिटला दोन लिटर.

आता १० मेगावॉटचं एक डेटा सेंटर घ्या. आजच्या मानाने हे काही मोठं नाही. ते चोवीस तास पूर्ण भाराने चाललं तर दिवसाला २ लाख ४० हजार युनिट. सगळी उष्णता कुलिंग टॉवरमधून काढली तर दिवसाला ४ लाख ८० हजार लिटर पाणी. दहा हजार लिटरचे ४८ टँकर. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या निकषाने ८,७०० माणसांचं रोजचं पाणी.

हा मी मुद्दाम सगळ्यात वाईट बाजूचा हिशेब मांडला आहे. भारतातली बरीच डेटा सेंटर कुलिंग टॉवर न लावता एअर-कूल्ड चिलरवर चालतात, म्हणजे पहिल्या मार्गाने. चिलर म्हणजे आत फिरणारं पाणी विजेवर गार करणारं मोठं यंत्र, आणि एअर-कूल्ड म्हणजे त्याची उष्णता पंख्यांनी हवेत सोडणारा. त्यांच्या आवारात थंडाव्यासाठी पाण्याचा खर्च जवळजवळ नसतो. म्हणून ‘डेटा सेंटर किती पाणी पितं?’ याला एकच उत्तर नाही. दोन लिटर ते शून्य, यांमध्ये कुठेही असू शकतं, आणि ते इमारत बांधण्याआधी कागदावर ठरतं. गावाने, नगरपालिकेने, एमआयडीसीने तोंड उघडायची वेळ तीच आहे. इमारत उभी राहिल्यावर टॉवर काढून चिलर बसवणं फार खर्चाचं काम आहे.

एका प्रश्नाला किती पाणी?

एआयच्या बाबतीत आकड्यांचा गोंधळ जास्त आहे. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या रिव्हरसाइड इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी अंदाज मांडला की एआयच्या १० ते ५० उत्तरांमागे अर्धा लिटर पाणी लागतं. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने सांगितलं की त्यांच्या जेमिनी या एआयला विचारलेल्या नेहमीसारख्या (मीडियन) एका लेखी प्रश्नाला ०.२६ मिलिलिटर, म्हणजे पाचेक थेंब लागतात. दोन्हींत इतका फरक कसा? मॉडेल वेगळं, काळ वेगळा, हे आहेच. पण मोठं कारण असं की पहिल्या हिशेबात वीज तयार करायला लागलेलं पाणीही धरलं आहे आणि दुसऱ्यात फक्त डेटा सेंटरच्या आवारातलं. पुढच्या वेळी असा आकडा वाचाल तेव्हा आधी हे पाहा की विजेचं पाणी आत धरलंय की बाहेर ठेवलंय.

विजेचं पाणी महाराष्ट्रासाठी छोटी गोष्ट नाही. कोळशावरच्या औष्णिक केंद्रालाही कुलिंग टॉवर असतात. केंद्र सरकारने २०१५ मध्ये अशा जुन्या केंद्रांना कमाल मर्यादा घालून दिली ती एका युनिटला साडेतीन लिटरची. आपल्याकडची कोळशाची बरीच मोठी केंद्रं चंद्रपूर, कोराडी अशा विदर्भातल्या उन्हाच्या मुलखात आहेत. ऐरोलीत एअर-कूल्ड चिलर लावून पाणी वाचवलं, पण तो चिलर वीज जास्त खातो आणि ती वीज कोळशाची असेल, तर थोडं पाणी विदर्भात खर्च होतं.

किती? कोकणच्या हवेत पाण्यावर चालणारा चिलर सर्व्हरच्या एका युनिटमागे, टॉवर आणि पंप धरून, साधारण ०.२ युनिट खातो. हवेवरचा ०.३ युनिटच्या थोडं वर. फरक एक दशांश युनिटच्या आसपास. त्याला साडेतीनने गुणलं तर एक तृतीयांश लिटरच्या जवळ येतं. इथे वाचले दोन लिटर, तिथे गेलं फार तर अर्धा लिटर. म्हणजे कोरडा मार्ग एकूण हिशेबातही पाणी वाचवतो, फक्त पूर्ण शून्य होत नाही. आणि ती जादा वीज सौर किंवा पवन असेल, तर विदर्भातलं पाणीही वाचतं. ‘आम्ही थंडाव्यासाठी पाणी वापरत नाही’ असं सांगणाऱ्या कंपनीला पुढचा प्रश्न विचारायला हवा: वीज कुठून घेता?

या उद्योगात बरीच वर्षं एकाच आकड्याचा बोलबाला होता, पीयूई. एकूण विजेला सर्व्हरच्या विजेने भागायचं. उत्तर १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं. इंजिनियरची पाठ थोपटली जाते ती या आकड्यावर. पण पाणी उडवलं की वीज वाचते आणि पीयूई सुंदर दिसतो, पाण्याची किंमत त्यात कुठेच येत नाही. हे लक्षात आल्यावर २०११ मध्ये द ग्रीन ग्रिड या संस्थेने डब्ल्यूयूई हे दुसरं माप आणलं: सर्व्हरच्या एका युनिटमागे किती लिटर पाणी. चांगलं माप आहे. माझी त्यावर एक मोठी हरकत आहे, ती म्हणजे ते वर्षाच्या सरासरीत सांगितलं जातं. कोकणात जुलैमधला एक लिटर आणि मेमधला एक लिटर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. जुलैमध्ये बारवी आणि मोरबे ही धरणं भरत असतात, मेमध्ये त्यांचा तळ मोजला जात असतो. वर्षाची सरासरी हा फरक पुसून टाकते. डब्ल्यूयूई महिन्यागणिक जाहीर व्हायला हवा. मीटर तर रोजचंच रीडिंग देतात.

पाणी कमी लागावं म्हणून आधी तापमान वाढवा

ऐकायला उलटं वाटेल, पण पाणी वाचवायचा सगळ्यात मोठा उपाय हाच आहे.

कोकणची हवा दमट. पाणी वाफवून ते किती गार करता येईल, याला हवेतल्या ओलाव्याची मर्यादा असते. त्या मर्यादेला वेट बल्ब तापमान म्हणतात. राजस्थानात मेमधल्या कोरड्या दुपारी हवा ४२ अंशांवर असली तरी वेट बल्ब बराच खाली असतो. आपल्या किनाऱ्यावर मे-जूनमध्ये तो २५ ते २८ अंशांच्या घरात असतो, म्हणजे टॉवर कितीही मोठा लावला तरी पाणी ३० अंशांच्या फार खाली येत नाही. त्यामुळे नुसत्या बाष्पीभवनावर सर्व्हर थंड करायची जी पद्धत कोरड्या, थंड देशांत चालते, ती इथे वर्षभर चालत नाही. इथे टॉवरच्या जोडीला चिलर लागतोच. पाणीही द्यायचं आणि वीजही द्यायची, असा दुहेरी खर्च होतो.

यातून सुटायचं तर सर्व्हरला किती गार हवा लागते, हाच प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. जुन्या डेटा हॉलमध्ये शिरलात की स्वेटर आठवतो, तापमान १८-२० अंशांवर ठेवलेलं असतं. गरज असते म्हणून नव्हे, सवयीने आणि भीतीने. अमेरिकेतल्या अ‍ॅशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी १८ ते २७ अंशांची आहे. २५-२६ वर नेलं तरी यंत्रं सुखरूप चालतात आणि चिलरचं काम दर अंशामागे कमी होत जातं.

मात्र नुसता थर्मोस्टॅट वर केला तर कुठला तरी एक रॅक, म्हणजे सर्व्हर रचलेलं कपाट, तापतो आणि सगळे घाबरून तापमान पुन्हा खाली आणतात. कारण बहुतेक वेळा किरकोळ असतं. रॅकमध्ये एखादा सर्व्हर काढलेला असतो, तिथे मोकळी फट राहते आणि मागची गरम हवा त्या फटीतून पुढे येऊन शेजारच्या सर्व्हरमध्ये शिरते. फट झाकायला साधी पट्टी मिळते, ब्लँकिंग पॅनल. थंड हवेची गल्ली आणि गरम हवेची गल्ली दारं-छत लावून वेगळी करायची, जमिनीतून वर येणाऱ्या केबलभोवतीची भोकं ब्रशने बुजवायची. एवढं केल्यावर तापमान निर्धास्तपणे वर नेता येतं. या कामाचं उद्घाटन कोणी करत नाही, पण नव्या यंत्रसामग्रीआधी हे व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पुढची पायरी पातळ द्रवाने चिप थंड करण्याची. एआयच्या चिप इतक्या तापतात की हवेचा झोत पुरत नाही. म्हणून चिपवर तांब्याची पोकळ पट्टी बसवून तिच्यातून पाणी किंवा पाण्याचं मिश्रण फिरवतात. पुण्याच्या आयसरमधल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात २०१९ पासून अशी व्यवस्था आहे. इथे वाचकांचा नेहमी एक गैरसमज होतो: पाण्याने थंड करतात म्हणजे पाणी जास्त लागत असणार. तसं नाही. हे पाणी बंद नळ्यांत फिरतं, एकदा भरलं की वर्षानुवर्षं तेच. वाफ होते ती पुढच्या टप्प्यावर, ही उष्णता इमारतीबाहेर टाकताना.

आणि इथेच कोकणासाठी खरी आशा आहे. हवेपेक्षा पाणी उष्णता फार चांगली उचलतं, त्यामुळे चिपला देण्याचं पाणी ४० अंशांचं असलं तरी चालतं. जर्मनीत म्युनिकजवळ २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘सुपरएमयूसी’ महासंगणकाने ४५ अंशांपर्यंतच्या गरम पाण्यावर काम होतं हे दाखवून दिलं. आता आपल्या हवेशी ताडून पाहा. चिपमधून पाणी ५० अंशांना बाहेर येतंय आणि मेमधल्या दुपारी पनवेलला हवा ३५-३६ अंश आहे. गाडीच्या रेडिएटरसारख्या जाळीतून पंख्याने ही हवा फिरवली तरी पाणी ४० अंशांवर येतं. चिलर नको, टॉवर नको, वाफ नको. दमटपणाचाही प्रश्न उरत नाही, कारण बाष्पीभवन कुठे होतच नाही. साठवणुकीचे डिस्क आणि नेटवर्कची यंत्रं अजून हवेवरच चालतात, त्यांच्यासाठी चिलर ठेवावा लागेल, पण भार बराच घटतो. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये थंडाव्यासाठी पाणी न उडवणारा आराखडा जाहीर केला, त्यात एका डेटा सेंटरमागे वर्षाला साडेबारा कोटी लिटरहून जास्त पाणी वाचेल असं म्हटलं आहे.

तेव्हा नवं एआय डेटा सेंटर कोकणात यायचं असेल आणि त्याच्या नकाशात कुलिंग टॉवरची रांग दिसत असेल, तर ‘का?’ हा प्रश्न विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

टॉवर असतीलच, तर त्यात कुठलं पाणी?

जी केंद्रं आधीच टॉवरवर चालतात त्यांचं काय? त्यांच्याकडे पहिला उपाय ब्लोडाऊन कमी करण्याचा. पाणी दुप्पट क्षारांवरच फेकलं तर जितकी वाफ तितकंच ब्लोडाऊन. पाचपटीपर्यंत नेलं तर वाफेच्या पाव भाग. दहापटीला नववा भाग. म्हणजे दोनावरून पाचावर नेण्यात मोठा फायदा, पुढे तो झपाट्याने घटतो. सह्याद्रीतल्या धरणांचं पाणी मुळात पावसाचं, बोअरच्या पाण्यापेक्षा कमी क्षारांचं, त्यामुळे आपल्याकडे पाचपर्यंत जाणं अवघड नसावं. टीडीएसचा चांगला सेन्सर आणि त्याच्यावर चालणारा व्हॉल्व्ह एवढंच लागतं. अनेक ठिकाणी व्हॉल्व्ह माणूस अंदाजाने उघडतो आणि विसरतो.

पण खरा बदल पाण्याचा स्रोत बदलण्यात आहे. टॉवरला पिण्याचं पाणी लागत नाही. नवी मुंबई महापालिकेने ऐरोली आणि कोपरखैरणे इथे सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करणारी प्रत्येकी २० दशलक्ष लिटर क्षमतेची केंद्रं उभी केली आहेत, हे पाणी एमआयडीसीतल्या उद्योगांना देण्यासाठी. वरच्या हिशेबाने १० मेगावॉटला दिवसाला जवळजवळ अर्धा दशलक्ष लिटर लागतं. म्हणजे यातल्या एकाच केंद्राएवढं पाणी ४०० मेगावॉटच्या डेटा सेंटरना पुरेल. हे सगळं पाणी डेटा सेंटरनाच द्यावं असं मी म्हणत नाही, बाकीचे कारखानेही आहेत. मुद्दा आवाक्याचा आहे. विदर्भात हे झालेलंच आहे: नागपूरच्या भांडेवाडीतलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक केंद्राला जातं. अमेरिकेत जॉर्जियातलं गूगलचं डेटा सेंटरही गावाच्या सांडपाण्यावर चालतं.

सांडपाण्याचा एक गुण कोकणात सोन्याच्या मोलाचा आहे. ते ऋतू पाहत नाही. मेमध्ये धरण आटतं, पण वाशी-कोपरखैरण्यातली माणसं आंघोळ थांबवत नाहीत, तेव्हा जानेवारीत जितकं सांडपाणी तितकंच मेमध्येही.

अडचणीही आहेत. या पाण्यात क्षार आणि फॉस्फेट जास्त, शेवाळ धरतं, जंतू वाढतात. कुलिंग टॉवरच्या तुषारांतून लेजिओनेला नावाचा न्यूमोनियाचा जंतू पसरू शकतो, त्यामुळे निर्जंतुकीकरणात कुचराई चालत नाही. आरओ लावला तर त्यातून उरलेलं जास्त क्षारांचं पाणी (रिजेक्ट) कुठे सोडायचं ते ठरवावं लागतं. ते आणि ब्लोडाऊन सरळ नाल्यात गेलं तर पुढे खाडी आहे. ठाणे खाडीचा फ्लेमिंगोचा भाग २०१५ पासून अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. रसायनं घातलेलं गरम पाणी तिथे जाऊन चालणार नाही.

छपरावरचा पाऊस? पाच हजार चौरस मीटर छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला तर दीड कोटी लिटर होतात, म्हणजे आपल्या १० मेगावॉटच्या केंद्राचं महिनाभराचं पाणी. पावसाळ्यात ते पडता पडता वापरावं. उन्हाळ्यासाठी साठवायचं तर टाकी इमारतीएवढी लागेल. चांगला जोडउपाय, त्यापेक्षा जास्त नाही.

समुद्र आहे ना समोर!

हे वाक्य प्रत्येक चर्चेत येतं, आणि ते खुळं नाही. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून समुद्राच्या पाण्यावरच थंड होतं. फिनलंडमध्ये हमिना इथे गूगलने कागदाची जुनी गिरणी घेऊन तिथल्या बोगद्यातून समुद्राचं पाणी आणलं आणि २०११ पासून डेटा सेंटर चालवलं. मायक्रोसॉफ्टने तर स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांजवळ ८६४ सर्व्हर एका नळकांड्यात भरून २०१८ मध्ये समुद्रतळाशी ठेवले आणि २०२० मध्ये वर काढले. यंत्रं उत्तम चालली होती, तरी कंपनीने तो प्रयोग पुढे नेला नाही.

फिनलंडचा समुद्र मात्र थंड आहे. आपला अरबी समुद्र उन्हाळ्यात २९-३० अंशांवर असतो. जुन्या पद्धतीच्या गार डेटा हॉलला तो पुरत नाही, चिलर लागतोच. ४० अंशांच्या पाण्यावर चालणाऱ्या चिपसाठी तो सहज पुरेल, पण तिथे हवाही पुरते. मग समुद्र कशाला? पाइप गंजतात, टायटॅनियमच्या नळ्या घालाव्या लागतात, शिंपले आत घर करतात, ते मारायला क्लोरीन सोडावा लागतो. पाणी खेचताना माशांची अंडी आणि पिल्लं जाळीतून ओढली जातात. बाहेर पडणारं पाणी काही अंश गरम असतं आणि गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. उघड्या समुद्रात खोलवर, भरपूर मिसळून सोडलं तर परिणाम आवरता येतो. खाडीत सोडलं तर जिताडा, बोईट, कोलंबी यांच्या पैदाशीच्याच जागी ते पसरतं. खाडीवर पोट असलेल्या कोळी आणि आगरी कुटुंबांनी आधीच कारखान्यांचं पाणी सोसलं आहे. त्यांच्यावर हा आणखी एक भार टाकण्याआधी दुसरे सगळे मार्ग संपलेले असायला हवेत, आणि ते संपलेले नाहीत.

एक पर्याय आणखी सुचवला जातो, कोयनेचं अवजल. पोफळीला वीज तयार झाल्यावर वर्षाला सुमारे ६७.५ टीएमसी पाणी वाशिष्ठीतून समुद्राला जातं, आणि ते उन्हाळ्यातही वाहतं. पाणी आहे, हे खरं. पण चिपळूण-गुहागरच्या वाड्यांना उन्हाळ्यात पुरेल इतकंही त्यातलं अजून उचललं गेलेलं नाही. त्यांच्या आधी सर्व्हरचा नंबर लावणं मला पटत नाही.

परवानगीच्या कागदात काय बघायचं

वीस हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागते. त्या अर्जात रोजचं पाणी किती, स्रोत कोणता, सांडपाणी कुठे जाणार, हे लिहिलेलं असतं. मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. हे कागद मागता येतात, माहितीच्या अधिकारातही. मागितल्यावर पाण्याच्या रकान्यात ‘घरगुती’ आणि ‘कुलिंग’ हे आकडे वेगळे आहेत का ते पाहा. कुलिंगचा आकडा सरासरीचा आहे की मेमधल्या कमाल मागणीचा, ते पाहा. स्रोताच्या पुढे ‘एमआयडीसी’ एवढंच असेल, तर ते बारवी धरणाचं ताजं पाणी की प्रक्रिया केलेलं, हे लेखी विचारा. बारवीची उंची वाढवताना मुरबाडकडच्या गावांची घरंदारं पाण्याखाली गेली आहेत. त्या पाण्याची वाफ करायची का, हे विचारण्याचा हक्क त्या लोकांनाही आहे.

पहिल्या टप्प्यात २० मेगावॉट आणि ‘पुढे विस्तार’ असं लिहिलेलं असेल, तर विस्ताराचं पाणी आजच मांडायला सांगा. मंजुरीत एक अट घालता येईल: १ मार्च ते १५ जून या काळात थंडाव्यासाठी धरणाचं ताजं पाणी घ्यायचं नाही. ज्यांच्याकडे कोरडी व्यवस्था किंवा प्रक्रिया केलेलं पाणी आहे त्यांना या अटीचा त्रास होणार नाही. ज्यांच्याकडे दोन्ही नाही त्यांना आराखडा बदलावा लागेल, आणि तो कागदावर असेपर्यंत बदलता येतो.